यूजर प्रोफाइल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेताना येणाऱ्या चुका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १०चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्यामुळे गोव्यातल्या घरांत, दुकानांत, गेस्टहाउसांत आणि छोट्या कचेऱ्यांत जुने मशीन बदलण्याची घाई सुरू आहे. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केले आहे. उत्तरे मुख्यतः विंडोज १० आणि ११ साठी आहेत, मॅक आणि लिनक्सचे शेवटी थोडक्यात येते. आज्ञा, मार्ग आणि एरर कोड इथे देवनागरीत लिहिले आहेत. स्क्रीनवर ते रोमनमध्ये दिसतात आणि टाइपही रोमनमध्येच करायचे.

१. प्रोफाइल म्हणजे सी ड्राइव्हवरच्या यूजर्समधला माझ्या नावाचा फोल्डरच ना?

तो फोल्डर म्हणजे प्रोफाइलचा दिसणारा भाग. त्याशिवाय दोन गोष्टी असतात. पहिली, विंडोजने तुमच्या खात्याला दिलेला ओळखक्रमांक, म्हणजे एसआयडी. तो 'एस-१-५-२१' असा सुरू होतो आणि बहुधा १००१, १००२ अशा आकड्याने संपतो. दोन्ही मशीनवर खात्याचे नाव आणि पासवर्ड अगदी एकच ठेवला तरी एसआयडी वेगळाच असतो. दुसरी, त्या खात्याच्या पासवर्डशी आणि त्या मशीनशी बांधलेल्या गुप्त किल्ल्या. ब्राउझरचे पासवर्ड आणि एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेल्या, फाइल्स त्यांच्यावरच उघडतात.

विंडोजचे प्रोफाइल हे विंचवाचे बिऱ्हाड नव्हे. पुढच्या बहुतेक चुका ते पाठीवर टाकून नेता येते असे समजल्यामुळेच होतात.

२. मग अख्खा फोल्डर उचलून नव्या मशीनवर टाकला तर काय बिघडते?

त्या फोल्डरात एनटीयूजर डॉट डॅट नावाची लपवलेली फाइल असते. ती म्हणजे तुमच्या खात्याची रजिस्ट्री, विंडोजच्या सेटिंग्जची आतली नोंदवही. तिच्या आतल्या परवानग्या जुन्या एसआयडीच्या नावे असतात. ती नव्या खात्यावर डकवली की लॉगइन अडते, नाहीतर तात्पुरते प्रोफाइल उघडते (प्रश्न ६). सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या यूजर प्रोफाइल्सच्या खिडकीत 'कॉपी टू' बटण करडे दिसते तेही यासाठीच. विंडोज ७ पासून ते फक्त डिफॉल्ट प्रोफाइलसाठी चालते.

नव्या मशीनवर खाते नव्याने तयार करा, त्या खात्याने एकदा लॉगइन करा म्हणजे फोल्डर आपोआप बनेल. मग फक्त आतला माल हलवा: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज, फेव्हरिट्स. ॲपडेटा, म्हणजे प्रोग्राम आपली माहिती ठेवतात तो लपवलेला फोल्डर, सरसकट नेऊ नका. त्यातून लागेल तेवढेच निवडून घ्या (प्रश्न ११, १२, १३). एनटीयूजरने सुरू होणारी एकही फाइल नेऊ नका.

३. २०० जीबी डेटा आहे. किती वेळ लागेल?

मार्गावर अवलंबून आहे. १०० एमबीपीएसच्या साध्या नेटवर्कवर सेकंदाला फार तर ११ एमबी जातात, म्हणजे पाच तास. गिगाबिट केबल आणि गिगाबिट राउटर असेल तर अर्धा-पाऊण तास. यूएसबी २.०ला सेकंदाला ३०-३५ एमबी, म्हणजे दीड-दोन तास. हे आकडे मोठ्या फाइल्सचे आहेत. लाखभर बारीक फाइल्स असतील तर दुप्पट-तिप्पट धरा. वायफायवरून करू नका. गोव्यातल्या जुन्या जांभ्या दगडाच्या घरांत तर शेजारच्या खोलीतसुद्धा सिग्नल धड पोहोचत नाही.

४. कॉपी ऐंशी टक्क्यांवर थांबते किंवा मध्येच वीज जाते. प्रत्येक वेळी पहिल्यापासून?

नाही. माउसने ओढून कॉपी करणे सोडा आणि विंडोजमध्येच असलेले रोबोकॉपी हे कॉपीचे साधन वापरा. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि अशी आज्ञा द्या (ई: म्हणजे जोडलेली जुनी डिस्क; अक्षर आणि नावे तुमची घाला):

रोबोकॉपी "ई:\यूजर्स\जुनेनाव\डॉक्युमेंट्स" "सी:\यूजर्स\नवेनाव\डॉक्युमेंट्स" /ई /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:२ /कॉपी:डीएटी

'/ई' म्हणजे आतले सगळे फोल्डर, रिकामे धरून. '/आर:१ /डब्ल्यू:२' म्हणजे अडलेल्या फाइलसाठी एकदाच पुन्हा प्रयत्न आणि दोन सेकंद थांबणे. हे दिले नाही तर रोबोकॉपी एकेका फाइलसाठी दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करत बसते. 'हँग झाले' म्हणतात ते बऱ्याचदा हेच. वीज गेली तर तीच आज्ञा पुन्हा द्या, आधी पोहोचलेल्या फाइल्स वगळून काम पुढे सुरू होते.

'/एक्सजे' विसरू नका. ॲपडेटाच्या लोकल फोल्डरात 'ॲप्लिकेशन डेटा' नावाचा एक जंक्शन, म्हणजे दुसऱ्या फोल्डराकडे नेणारा दुवा, असतो आणि तो स्वतःकडेच बोट दाखवतो. तो वगळला नाही तर फोल्डराच्या आत फोल्डर, त्याच्या आत तोच फोल्डर अशी रांग लागते आणि ४० जीबीच्या प्रोफाइलने ५०० जीबीची डिस्क भरते.

शेवटी येणारा कोड १ पाहून घाबरू नका, त्याचा अर्थ 'फाइल्स कॉपी झाल्या'. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच काहीतरी राहिले आहे. पावसाळ्यात हे काम यूपीएसवर किंवा पूर्ण चार्ज केलेल्या लॅपटॉपवर करा. वीज जाताना कॉपी तुटली तर फारसे नुकसान नाही, पण लिहिणे चालू असताना बाहेरची डिस्क झटक्यात बंद पडली तर तिची फाइल सिस्टिम बिघडू शकते.

५. जुनी डिस्क केसमध्ये घालून यूएसबीने जोडली, पण 'ॲक्सेस डिनाइड' येते. माझीच डिस्क, माझ्याच फाइल्स!

नव्या विंडोजच्या लेखी तुम्ही तुम्ही नाही, कारण फाइल्सचा मालक जुना एसआयडी आहे (प्रश्न १). खिडकीत 'कंटिन्यू' दाबल्यास विंडोज एकेका फाइलवर तुमची परवानगी चढवत जाते. मोठ्या फोल्डरात त्याला बराच वेळ लागतो, तेव्हा अडकले समजून मध्येच बंद करू नका.

त्याहून सोपा उपाय म्हणजे प्रश्न ४मधल्या आज्ञेला '/बी' जोडणे. त्याने रोबोकॉपी बॅकअप पद्धतीने वाचते, परवानग्या आड येत नाहीत आणि जुन्या डिस्कवर काहीही बदलत नाही. हे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीतच चालते.

मालकी घ्यायचीच असेल तर आधी 'टेकओन /एफ "फोल्डर" /आर /डी वाय' आणि मग 'आयकॅकल्स "फोल्डर" /ग्रँट नाव:एफ /टी'. या दोन आज्ञा फक्त तुमच्या डेटाच्या फोल्डरावर चालवा. चालू विंडोजच्या अख्ख्या सी ड्राइव्हवर चालवल्या तर परवानग्या विस्कटतात आणि बहुधा विंडोज पुन्हा घालावे लागते.

याची उलटी चूकही होते. '/कॉपीऑल' किंवा '/सेक' वापरून कॉपी केली तर जुन्या परवानग्याही सोबत येतात आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्ये 'अननोन अकाउंट' दिसते. '/कॉपी:डीएटी'ने फक्त मजकूर, गुणधर्म आणि तारखा येतात, परवानग्या नव्या जागेच्या लागतात. घरगुती कामाला तेच हवे.

६. लॉगइन केल्यावर डेस्कटॉप कोरा, आणि 'तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलने लॉगइन झाला आहात' असा संदेश. सगळे गेले का?

बहुधा काहीच गेलेले नाही. विंडोजला तुमचे प्रोफाइल उघडता आले नाही म्हणून त्याने यूजर्समध्ये 'टेम्प' नावाचा फोल्डर करून दिला. या अवस्थेत काहीही सेव्ह करू नका, लॉगऑफ होताच ते पुसले जाते. 'यूजर प्रोफाइल सर्व्हिस फेल्ड द लॉगऑन' हा संदेश याचाच भाऊ, फक्त तिथे आतही घेत नाहीत.

आधी दोनदा रीस्टार्ट करा. कधी अँटिव्हायरसने एनटीयूजर डॉट डॅट ही फाइल (प्रश्न २) धरून ठेवलेली असते. तरीही तेच आले तर इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये १५११ किंवा १५१५ क्रमांकाची नोंद आहे का पाहा. असेल तर:

१. दुसऱ्या ॲडमिन खात्याने आत या. तुमच्या मूळ फोल्डराची आणि रजिस्ट्रीची प्रत आधी घ्या.
२. रेजएडिट (रजिस्ट्री बदलण्याचा प्रोग्राम) उघडून एचकेएलएम (एचकी लोकल मशीन), सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, प्रोफाइललिस्ट इथवर जा.
३. एकाच एसआयडीच्या दोन नोंदी दिसतील. एकीच्या शेवटी 'डॉट बीएके' असेल. दोन्हींमध्ये 'प्रोफाइलइमेजपाथ' पाहा. खऱ्या फोल्डराचा मार्ग सहसा बीएकेवालीत असतो.
४. बीएके नसलेल्या नोंदीच्या नावाच्या शेवटी 'डॉट ओल्ड' लावा, मग दुसरीच्या नावातले 'डॉट बीएके' काढा. त्या नोंदीत 'स्टेट' आणि 'रेफकाउंट' असतील तर दोन्ही शून्य करा.
५. रीस्टार्ट करा.

हे का घडते? सर्वांत जास्त वेळा कोणीतरी 'नव्याने सुरुवात करू' म्हणून यूजर्समधला फोल्डर थेट डिलीट केलेला असतो आणि रजिस्ट्रीतली नोंद मागे राहते. प्रोफाइल काढायचे तर ते सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या यूजर प्रोफाइल्समधून काढा, म्हणजे फोल्डर आणि नोंद दोन्ही जातात. दुसरे कारण प्रश्न २मध्ये आले आहे. तिथे रजिस्ट्री दुरुस्त करत बसू नका, नवे खाते करून डेटा हलवा.

७. फाइल्सची नावे दिसतात, पण कॉपी करताना ०एक्स८००७०१६ए ही एरर येते.

त्या फाइल्स मशीनवर नाहीतच. वनड्राइव्हने (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीने) जागा वाचवायला फक्त त्यांच्या पाट्या ठेवल्या आहेत, शेजारी ढगाचे चिन्ह दिसेल. जुने मशीन चालू असेल तर वनड्राइव्हमध्ये साइन इन करून फोल्डरावर राइट-क्लिक, 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस', आणि सगळ्या ढगांच्या जागी हिरवी टिकली येईपर्यंत थांबा. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली असेल तर त्या पाट्यांचा उपयोग नाही, फाइल्स वनड्राइव्हच्या वेबसाइटवरून उतरवा.

'माझा डेस्कटॉप रिकामा आहे' ही तक्रारही इथलीच. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर खरा डेस्कटॉप यूजर्स\नाव\वनड्राइव्ह\डेस्कटॉप इथे असतो, नेहमीच्या जागी नसतो.

८. पेन ड्राइव्हमध्ये ५० जीबी रिकामे असूनही 'फाइल टू लार्ज' का?

पेन ड्राइव्ह फॅट३२ आहे. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. आधीचा डेटा पुसला जाईल.

९. 'पाथ टू लाँग' येते.

एक्सप्लोररला पूर्ण मार्ग साधारण २६० अक्षरांच्या आत लागतो. 'डेस्कटॉप\जुना कॉम्प्युटर\जुना डेस्कटॉप\बॅकअप २०१९\...' अशी उतरंड असली की तो ओलांडतो. रोबोकॉपीला ही अडचण नाही. मात्र नंतर त्या फाइल्स उघडताना अडते, म्हणून 'डी:\जुने' असा आखूड पत्ता द्या.

१०. दोन्ही मशीन एकाच राउटरवर आहेत, पण जुन्याचा शेअर केलेला फोल्डर उघडताना पासवर्ड मागतो आणि माझा पिन चालत नाही.

पिन फक्त त्या मशीनपुढे बसून चालतो, नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. जुन्या खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज बाहेरून येऊ देत नाही. जुन्या मशीनवर पासवर्ड असलेले एक साधे लोकल खाते करा आणि त्याला त्या फोल्डराची परवानगी द्या. दोन्हीकडे नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवा. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीच्या प्रो मशीनवरून पाहुण्यासारखे, म्हणजे पासवर्डाशिवाय, शिरणे आपोआप बंद असते. आधी चालत होते ते आता का चालत नाही, याचे उत्तर हे.

११. क्रोमचा फोल्डर जसाच्या तसा आणला. बुकमार्क आले, पासवर्ड एकही नाही.

येणारच नाहीत. ते जुन्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद आहेत, आणि २०२४मधल्या क्रोम १२७पासून कुकीजसाठी आणखी एक कडी लागली आहे. जुन्या मशीनवर क्रोममध्ये सिंक चालू करा, किंवा पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही फाइल काढून नव्यात आयात करा. त्या फाइलमध्ये पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. काम होताच ती पुसा, रीसायकल बिनमधूनही. फायरफॉक्सचे सोपे आहे: लॉगिन्स डॉट जेसन आणि की४ डॉट डीबी या दोन्ही फाइल्स एकत्र नेल्या की पासवर्ड येतात, एकटीने काही होत नाही.

१२. आउटलुकची ओएसटी फाइल आणली, उघडत नाही.

ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक सावली असते आणि ती जुन्या आउटलुक प्रोफाइलशीच बांधलेली असते. ती नेऊ नका. नव्या मशीनवर खाते जोडा, ती नव्याने बनते. पीएसटीचे, म्हणजे मेल मशीनवरच साठवणाऱ्या फाइलचे, वेगळे आहे. पॉप पद्धतीचे (मेल मशीनवर उतरवून घेणारे) खाते असेल तर सर्व्हरवरून मेल पुसले जाऊन पीएसटी हीच एकमेव प्रत उरलेली असू शकते. ती बहुधा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स'मध्ये असते. आउटलुक पूर्ण बंद करूनच कॉपी करा आणि क्लासिक आउटलुकमध्ये 'ओपन आउटलुक डेटा फाइल'ने उघडा. उघडत नसेल तर ऑफिससोबत येणारे दुरुस्तीचे साधन स्कॅनपीएसटी चालवा, तेही प्रतीवर. सह्या ॲपडेटा\रोमिंग\मायक्रोसॉफ्ट\सिग्नेचर्स इथून आणता येतात.

१३. मराठी-कोंकणी कागदपत्रे उघडली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल्स बिघडल्या का?

फाइल्स शाबूत आहेत, फाँट मागे राहिले. देवस्थान समितीचे हिशेब, जत्रेतल्या नाटकाची संहिता, पंचायतीला दिलेले जुने अर्ज हे बऱ्याचदा श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या युनिकोडपूर्व (सगळीकडे चालणारे आजचे अक्षर-कोड येण्याआधीच्या) पद्धतीत टाइप केलेले असतात. त्यांत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे कोड असतात, फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो. फाँट नसला की सोंग उतरते.

फाँट दोन ठिकाणी शोधा. सगळ्यांसाठी घातलेले सी:\विंडोज\फाँट्समध्ये असतात आणि ते प्रोफाइलसोबत कधीच येत नाहीत. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून ॲडमिनशिवाय घातलेले फाँट ॲपडेटा\लोकल\मायक्रोसॉफ्ट\विंडोज\फाँट्समध्ये जातात. तो फोल्डर नुसता कॉपी करूनही फाँट दिसत नाहीत, कारण त्यांची नोंद रजिस्ट्रीत असते. फाँटच्या फाइल्स निवडा, राइट-क्लिक, 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स'. परवाना लागणारे सॉफ्टवेअर असेल तर ते रीतसर नव्याने घालावे लागेल.

मंगल फाँटमधला मजकूर मात्र वाचता येतो, फक्त वळण बदलून ओळी-पाने सरकतात. नव्या विंडोजवर मंगल मुळात नसतो. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स'मधून 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' घ्या.

कीबोर्डही नव्याने जोडा: लँग्वेजमध्ये मराठी, मग इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक. दोन्ही घेऊन ठेवले तर चुकून बदलतात आणि 'कीबोर्ड बिघडला' अशी तक्रार येते, तेव्हा एकच ठेवा. वर्डच्या शब्दकोशात वर्षानुवर्षे भरलेली गावांची आणि आडनावांची यादी रोमिंग\मायक्रोसॉफ्ट\यूप्रूफमधल्या कस्टम डॉट डिकमध्ये असते. ती आठवणीने आणा, पुन्हा भरायला कंटाळा येतो.

१४. माझे सगळे फोल्डर आणले, पण टॅलीत कंपनीच दिसत नाही.

टॅलीप्राइमचा डेटा सहसा सी:\यूजर्स\पब्लिक\टॅलीप्राइम\डेटा इथे असतो, म्हणजे तुमच्या नावाच्या फोल्डराबाहेर. जुन्या टॅलीत एफ१ किंवा कंपनी निवडीच्या पडद्यावर डेटाचा मार्ग दिसतो, तो आधी टिपून घ्या. टॅली बंद करून तो फोल्डर आणा. डिजिटल सहीची किल्ली यूएसबी टोकनमध्येच असते, तिला फक्त टोकनचा ड्रायव्हर नव्याने लागतो.

१५. नाव लिहिले पूर्ण, पण फोल्डर तयार झाला पाचच अक्षरांचा. बदलता येईल का?

मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केला की विंडोज ईमेलची पहिली पाच अक्षरे उचलते. नंतर नाव बदलले तरी फोल्डर बदलत नाही, आणि फोल्डर हाताने बदललात तर प्रश्न ६ तुमची वाट पाहतो. आधी हव्या नावाचे लोकल खाते करा, मग त्याला मायक्रोसॉफ्ट खाते जोडा.

ते नाव साध्या रोमन अक्षरांत, मोकळ्या जागेशिवाय ठेवा. देवनागरी नाव, किंवा गोव्यातल्या पोर्तुगीज वळणाच्या नावांमधली टिंब-शेपटीची अक्षरे विंडोजला चालतात. जुन्या बिलिंग आणि स्कॅनरच्या प्रोग्रामना मात्र तो मार्ग सापडत नाही. पडद्यावर दिसणारे नाव नंतर हवे तसे बदला.

१६. जुनी डिस्क जोडली तर ४८ अंकी किल्ली मागते. मी कधी काही लावलेच नव्हते.

अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करताच डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. किल्ली त्याच खात्याच्या वेबपानावर, डिव्हायसेसखाली सापडते. जुने मशीन अजून चालत असेल तर डिस्क काढण्याआधी सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन बंद करा आणि ते शंभर टक्के उतरू द्या. किल्ली कुठेच नसेल तर दुकानदारही काही करू शकत नाही.

डिस्क उघडते पण ठरावीक फाइल्सवर छोटे कुलूप दिसते, तेव्हा ते ईएफएस, म्हणजे विंडोजचे फाइलवार एन्क्रिप्शन, आहे. तिथे प्रश्न ५मधली मालकी घेऊन उपयोग नाही. जुन्या खात्याने लॉगइन करून सर्टएमजीआर या प्रमाणपत्रांच्या खिडकीतून प्रमाणपत्र खासगी किल्लीसह पीएफएक्स फाइलमध्ये काढावे लागते. त्या खात्याचा पासवर्ड विसरला म्हणून ॲडमिनकडून जबरदस्तीने रीसेट करू नका. तसे केले की या किल्ल्याही हातातून जातात.

१७. कॉपी करताना 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' येते आणि डिस्क टकटक करते.

डिस्क मरायला टेकली आहे. आधी चेकडिस्क (विंडोजची डिस्कतपासणी) चालवू नका, त्याने तिच्यावर जास्त ताण येतो. जे पुन्हा मिळणार नाही ते प्रथम: फोटो, हिशेब, पीएसटी. प्रश्न ४मधल्या आज्ञेत '/आर:०' ठेवा म्हणजे बिघडलेल्या फाइलवर वेळ जात नाही. टकटक वाढली तर बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या हवेने कनेक्टरवर पांढरट-हिरवा थर चढतो. कधी दोष डिस्कचा नसून केबलचा असतो, म्हणून आधी केबल बदलून पाहा.

१८. कचेरीत २०-२५ मशीन आहेत. एकेक करत बसायचे का?

मायक्रोसॉफ्टच्या एडीके या साधनसंचात यूएसएमटी हे प्रोफाइल हलवण्याचे साधन मिळते: जुन्यावर स्कॅनस्टेट, नव्यावर लोडस्टेट, दोन्ही ॲडमिन म्हणून. कोड ६१ म्हणजे एखादी फाइल वाचता न आल्याने काम थांबले. '/सी' द्या, मग ती वगळून पुढे जाते आणि शेवटी कोड ३ येतो. वगळलेल्या फाइल्स लॉगमध्ये पाहा. लोकल खाती नव्या मशीनवर दिसत नसतील तर लोडस्टेटला '/एलएसी' आणि '/एलएई' दोन्ही हवेत. पहिल्याने खाते बनते, दुसऱ्याने ते चालू होते. प्रोग्राम, ड्रायव्हर आणि पासवर्ड यातून येत नाहीत.

१९. मॅक आणि लिनक्सचे काय?

मॅकवर मायग्रेशन असिस्टंट बरेचसे सांभाळते. नव्या मॅकची प्रणाली जुन्याइतकी किंवा पुढची हवी. दोन्हीकडे एकाच नावाचे खाते असेल तर 'बदला की दोन्ही ठेवा' विचारते. आत काही काम केलेले असेल तर 'बदला' दाबू नका. लिनक्सवर होम फोल्डर खरोखरच जसाच्या तसा नेता येतो, फक्त दोन्हीकडे यूजरचा क्रमांक (बहुधा १०००) जुळला नाही तर फाइल्स परक्या होतात. मग 'चोन -आर' आज्ञेने मालकी बदला.

२०. जुने मशीन कधी पुसू?

निदान एक महिना नाही. जीएसटीचे एक विवरण, बँकेचे एक काम आणि प्रिंटरवर एक छपाई नव्या मशीनवरून होऊ द्या, राहिलेले तेव्हाच कळते. मग जुन्यावर ऑफिस आणि ब्राउझरमधून साइन आउट करा, 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि पुढच्या पडद्यावर 'क्लीन डेटा' चालू करा. ते चालू केले नाही तर मशीन विकत घेणारा साध्या रिकव्हरी प्रोग्रामने तुमच्या फाइल्स परत काढू शकतो.